उद्याची सॅक आणि आपला पाऊस

नव्या सॅकच्या जाहिरातीत पहिला आकडा वजनाचा असतो. कापड हलकं झालं म्हणून सॅक हलकी झाली, असा त्याचा अर्थ आपण लावतो. हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघावा. ५० लिटरच्या सॅकला अंदाजे पावणेदोन चौरस मीटर कापड लागतं. जुन्या पद्धतीचं ५०० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) लेप दिलेलं नायलॉन चौरस मीटरला २४० ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे सगळं कापड मिळून ४२० ग्रॅम. आज मिळणारं महागडं, हलकं कापड १२० ग्रॅमचं धरलं तर २१० ग्रॅम. कितीतरी जास्त पैसे मोजून वाचले ते एवढेच २१० ग्रॅम. दोन किलोच्या सॅकमधलं बाकी वजन फोम, सांगाडा, पट्टे, बकल आणि चेन यांचं असतं आणि त्याबद्दल जाहिरातीत फारसं काही नसतं.

कोल्हापुरातून ट्रेकला जाणाऱ्यासाठी तर हा आकडा आणखी दुय्यम आहे. आपला मोठा हंगाम पावसाळ्याचा. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड वाट माणसांनी भरलेली असते. शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला ५५ किलोमीटरवर गगनबावड्यात त्याच्या कितीतरी पट पडतो, आणि विशाळगड, रांगणा, दाजीपूर या सगळ्या वाटा त्याच पट्ट्यातल्या. इथे सॅक फाटून निकामी होते त्यापेक्षा ओलीने जास्त वेळा निकामी होते. म्हणून कापडात, लेपात, सांगाड्यात येणाऱ्या प्रत्येक सुधारणेला एक प्रश्न विचारायचा: ही भिजल्यावर काय करते, आणि भिजून घरी आल्यावर पुढच्या जूनपर्यंत काय करते?

कापड: डेनियरच्या पलीकडे

डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. ९,००० मीटर धागा २१० ग्रॅम भरला तर तो २१० डेनियर. इचलकरंजीच्या मागांवर सुताचा काऊंट ऐकायची सवय असलेल्यांनी इथे उलटं लक्षात ठेवायचं. काऊंट वाढला की सूत बारीक होतं, डेनियर वाढलं की धागा जाड होतो. पण डेनियर फक्त जाडी सांगतं, मजबुती सांगत नाही. स्वस्त सॅकवर ठळक छापलेलं ६०० डेनियर पॉलिस्टर हे चांगल्या प्रतीच्या ४२० डेनियर नायलॉनपेक्षा दणकट असेलच असं नाही.

गेली कित्येक वर्षं चांगली सॅक म्हणजे नायलॉन, हे समीकरण पक्कं आहे. घासण्याला आणि फाटण्याला नायलॉन खरंच चांगलं. त्याची खोड अशी की ते पाणी पितं. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत नायलॉनचा धागा स्वतःच्या वजनाच्या सुमारे ४ टक्के ओलावा धरतो, तर पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. ओलं नायलॉन थोडं लांबतं आणि थोडं मऊ पडतं. पावसात खांद्याचे पट्टे पुन्हा पुन्हा सैल होतात, दर अर्ध्या तासाला ओढावे लागतात, त्यामागचं हे एक कारण. म्हणून पट्ट्यांच्या पट्टीसाठी पॉलिस्टर वापरण्याकडे कल वाढतो आहे. आपल्यासाठी हा बदल कापड हलकं होण्यापेक्षा जास्त कामाचा आहे. शिवाय उन्हातल्या अतिनील किरणांपुढेही पॉलिस्टर नायलॉनपेक्षा जास्त टिकतं.

दुसरी दिशा म्हणजे अतिउच्च रेणुभाराचं पॉलिइथिलीन. डायनीमा आणि स्पेक्ट्रा ही त्याची बाजारातली नावं. या धाग्याची घनता ०.९७, म्हणजे तो पाण्यावर तरंगतो, आणि पाणी जवळजवळ शोषतच नाही. वजनाच्या मानाने तो पोलादापेक्षा कितीतरी बळकट. मात्र त्याच्या तीन अडचणी समजून घेतल्या पाहिजेत. पहिली, तो साधारण १४५ अंश सेल्सियसला वितळतो. पॉलिस्टरला वितळायला २५० च्या वर तापमान लागतं. गरम स्टोव्ह सॅकच्या कापडाला टेकला तर हा फरक लगेच दिसतो. दुसरी, धागा गुळगुळीत असल्यामुळे शिलाईत टाके सरकतात. म्हणून शिवणीला कापडाची कड रुंद सोडावी लागते किंवा मागून पट्टी चिकटवावी लागते. तिसरी अडचण आपल्याकडे जास्त जाणवणारी आहे. हा धागा बहुतेकदा पातळ फिल्मला चिकटवून थरांच्या कापडाच्या रूपात येतो, आणि अशा कापडाचं तंत्र मुळात शर्यतीच्या बोटींच्या शिडांकडून आलं आहे. शीड वारंवार दगडावर घासत नाही. मसाई पठारावर जांभ्यावर टेकवलेली सॅक घासते. आधी फिल्मला सुरकुत्या पडतात, मग घडीच्या जागी फिल्म सुटते आणि पाणी आत येतं. धागा तोवर शाबूत असतो.

या कापडाची पुढची पायरी फिल्मवर सगळा भार न टाकता धागाच दाट विणण्याची आहे. विणलेलं कापड थरांच्या कापडापेक्षा जड आणि महाग पडतं, पण घासलं तरी त्याचे पापुद्रे निघत नाहीत. पैसे साठवून एकच सॅक दहा वर्षं वापरायची असेल तर नजर या कापडावर ठेवावी.

आणखी एक पदार्थ फारसा चर्चेत नाही, पण दमट हवेसाठी त्यात खरी आशा दिसते: एरंडेलापासून बनणारं नायलॉन. नायलॉन ११ पूर्णपणे एरंडेलापासून बनतं, नायलॉन ६१० अंशतः. एरंडीच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे, आणि त्यातला मोठा वाटा गुजरातचा. नायलॉन ११ नेहमीच्या नायलॉनपेक्षा खूपच कमी पाणी शोषतं. आज किमतीमुळे ते मुख्यतः नळ्या, लेप आणि यंत्रांच्या भागांत वापरलं जातं. सॅकच्या कापडात आणि बकलांत ते परवडणाऱ्या दरात आलं, तर नायलॉनचा चिवटपणा ठेवून त्याची पाणी पिण्याची खोड बरीचशी जाईल.

लेप: सॅक खरी कुठे मरते

विणलेलं कापड आपलं आपण पाणी अडवत नाही. पाणी अडवतो तो आतल्या बाजूचा लेप. बहुतेक सॅकना तो पॉलियुरेथेनचा असतो. पाच-सहा वर्षांनी माळ्यावरून सॅक काढली की आतून चिकट लागते, आंबूस कुबट वास येतो आणि पांढरट पापुद्रे हाताला लागतात. याला लोक बुरशी समजतात. ही बुरशी नसते. पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनमधले बंध पाण्याने तुटत जातात. तुटताना आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढचे बंध आणखी वेगाने तोडतं. उष्णता आणि दमटपणा एकत्र आले की ही क्रिया झपाट्याने होते. पत्र्याखालचा माळा आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेली अर्धओली सॅक, याहून वाईट जोडी नाही.

सुधारणा दोन दिशांनी होते आहे. एक, पॉलिइथर जातीचं पॉलियुरेथेन. त्याचे बंध पाण्याने सहज तुटत नाहीत. दोन, सिलिकॉनचा लेप. तो पाण्याने कुजत नाही आणि कापडाची फाटण्याविरुद्धची ताकदही वाढवतो. सिलिकॉनची अडचण म्हणजे त्यावर नेहमीची शिवणपट्टी चिकटत नाही. म्हणून काही कापडांना बाहेरून सिलिकॉन आणि आतून पॉलियुरेथेन देतात. लेबलवर बहुतेक वेळा नुसतं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, एवढंच लिहिलेलं असतं. ते पॉलिएस्टर की पॉलिइथर, हे विक्रेत्याला विचारायलाच हवं. उत्तर मिळालं नाही तर पॉलिएस्टर समजून चालावं.

लेबलवरचा दुसरा आकडा मिलिमीटरचा असतो, उदाहरणार्थ १,५०० मिलिमीटर. कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तर पाणी झिरपायला लागतं, असा त्याचा अर्थ. सॅकसाठी १,५०० पुरेसा आहे, कारण पाणी बहुतेक वेळा कापडातून येतच नाही. ते शिवणीतून येतं. ३ मिलिमीटरचा टाका धरला तर एक मीटर शिलाईत ३३३ भोकं होतात, आणि एका सॅकमध्ये दहा मीटरहून जास्त शिलाई सहज असते. कापड ५,००० मिलिमीटरचं घेतलं तरी ही भोकं बुजत नाहीत.

कापडाच्या बाहेरच्या बाजूला आणखी एक उपचार असतो, ज्यामुळे पाण्याचे थेंब घरंगळून जातात. इतकी वर्षं त्यासाठी फ्लोरिनयुक्त रसायनं वापरली जात होती. ती निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत, पाण्यात आणि रक्तात साठत जातात. त्यांतल्या पीएफओएसवर २००९ मध्ये आणि पीएफओएवर २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराखाली, म्हणजे न विघटणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली, निर्बंध आले. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून कापडांत अशी रसायनं मुद्दाम वापरायला बंदी घातली. त्यामुळे जगभरचे उत्पादक फ्लोरिनमुक्त उपचारांकडे वळले आहेत, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. वापरणाऱ्याने एवढंच लक्षात ठेवायचं की नवा उपचार पाणी घरंगळवतो, तेल घरंगळवत नाही. हाताचं तेल, घाम, सनस्क्रीन लागलं की त्या जागी कापड भिजायला लागतं. आतला लेप शाबूत असेल तर ही गळती नव्हे, फक्त बाहेरचा थर जड होतो. सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने धुतलं की बराच फरक पडतो. कपड्यांची डिटर्जंट पावडर टाळावी, तिचा अंश कापडात राहतो आणि तोच पाणी ओढून घेतो.

लेप गेलेल्या जुन्या सॅकचं काय करायचं? चिकटा घालवायला कोमट पाण्यात खायचा सोडा घालून नरम ब्रशने घासावं. न निघालेला भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो, मात्र आधी कोपऱ्यात रंग जातो का ते बघावं. यानंतर ती सॅक पाणी अडवणार नाही, पण कापड चांगलं असेल तर आत जाड प्लास्टिकचा लायनर, म्हणजे सामान भरायची मोठी पिशवी, टाकून अजून बरीच वर्षं चालेल.

लायनर नव्या सॅकमध्येही हवाच. रेनकव्हर मागून आणि वरून झाकतं, पाठीकडची बाजू उघडीच राहते. मानेवरून आणि पाठीवरून ओघळणारं पाणी खांद्याच्या पट्ट्यांच्या शिवणीतून आत शिरतं. पठारावर पश्चिमेचा वारा कव्हर फुगवतो ते वेगळंच.

भार: खांद्यावरून कमरेवर

सॅकचा सांगाडा एकच काम करतो, वरचा भार कमरेच्या हाडापर्यंत पोहोचवणं. सांगाडा कापडाच्या बाहेर होता तेव्हा हे सोपं होतं. तो आत गेला, सॅक अंगाला चिकटून चालायला लागली आणि तोल सुधारला, पण पाठीवर हवा खेळेनाशी झाली. मग ताणलेल्या जाळीच्या पाठी आल्या. जाळीमुळे पाठ कोरडी राहते, पण भार शरीरापासून काही सेंटिमीटर मागे जातो आणि चढणीवर माणूस जास्त पुढे झुकतो. १२ किलोच्या आत जाळी चालते. त्यावर भार गेला की सॅक पाठीला चिकटलेलीच बरी.

इथली सगळ्यात मोठी चूक सॅकच्या रचनेत नसते, निवडीत असते. लोक लिटर बघून सॅक घेतात, पाठीची लांबी बघत नाहीत. मान खाली झुकवल्यावर मानेच्या तळाशी जो मणका वर येतो, तिथून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेला जोडणाऱ्या आडव्या रेषेपर्यंत टेपने मोजावं. ही लांबी सॅकच्या लांबीशी जुळली नाही तर कमरपट्टा पोटावर किंवा नितंबावर बसतो आणि सगळा भार खांद्यावर येतो. उंची सारखी असलेल्या दोन माणसांच्या पाठीत तीन-चार सेंटिमीटरचा फरक सहज असतो. म्हणून पाठीची लांबी सरकवून बदलता येणारी रचना स्वस्त सॅकमध्येही येणं, ही आपल्याला हवी असलेली सुधारणा आहे. दुकानात १० ते १२ किलो भरूनच सॅक घालून बघावी. सगळे पट्टे सैल सोडावेत, कमरपट्टा हाडाच्या वरच्या कडेवर मध्यभागी आणून घट्ट करावा, मग खांद्याचे पट्टे ओढावेत, मग खांद्यावरून सॅकच्या डोक्याकडे जाणारे छोटे पट्टे, आणि शेवटी छातीचा. हा क्रम उलटा केला की भार कमरेवर उतरतच नाही.

सांगाड्यासाठी कार्बन फायबर वाढतं आहे. त्याची घनता साधारण १.६, ॲल्युमिनियमची २.७. आकडा मोहात पाडणारा आहे, पण सांगाड्याची पट्टीच मुळात किती जड असते? १३ मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड, ५८ सेंटिमीटर लांब ॲल्युमिनियमची पट्टी ६१ ग्रॅम भरते. दोन पट्ट्या मिळून १२२ ग्रॅम. कार्बनने त्यातले पन्नासएक ग्रॅम वाचतील. त्या बदल्यात कार्बन वाकत नाही, एकदम तुटतो आणि तुटलेलं टोक कापडातून बाहेर येतं. ॲल्युमिनियम वाकतं आणि पुन्हा सरळ करता येतं. उद्यमनगरातल्या कारखान्यात अशी पट्टी कापून मिळणं अवघड नाही. ६०६१ जातीचं मागावं. ७०७५ जास्त कणखर असतं, पण टी६ अवस्थेत, म्हणजे उष्णतेने कडक केलेलं असताना, ते तीव्र वळण देताना चिरतं. पट्टी पाठीच्या बाकानुसार मोठ्या गोलाईने हळूहळू वाकवावी, दोन्ही टोकं गोल घासावीत आणि त्यांवर रबराची टोपी चढवावी. टोक टोकदार राहिलं तर ते खिशाचा तळ कापून बाहेर येतं.

भार झुलता ठेवण्याचीही कल्पना आहे. चालताना आपली कंबर प्रत्येक पावलाला काही सेंटिमीटर वर-खाली होते आणि पाठीवरचा भार तेवढाच उचलावा लागतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लॉरेन्स रोम यांनी २००५ मध्ये भार स्प्रिंगवर टांगलेली सॅक दाखवली. त्या हालचालीतून तिने ७.४ वॉटपर्यंत वीज तयार केली. पुढे रबरी दोऱ्यांवर टांगलेल्या भाराने चालण्याचे श्रमही कमी होतात, हे त्यांच्या गटाने दाखवलं. सपाट रस्त्यावर, एका लयीत चालताना हे खरं. पावनखिंडीच्या वाटेवर चिखल, ओढे आणि सुटे दगड असताना दोन पावलं सारखी पडत नाहीत. तिथे पाठीवर स्वतंत्रपणे हलणारा भार तोल बिघडवेल, असं आमचं मत आहे. शिवाय यंत्रणेचं स्वतःचं वजन आहेच.

पाठीच्या फोमची जागा त्रिमितीय छपाईने केलेली जाळी घेऊ लागली आहे. ऑस्प्रे कंपनीने २०२२ मध्ये कमरेच्या भागात अशी छापील जाळी असलेल्या सॅक बाजारात आणल्या. एकाच तुकड्यात कुठे मऊ, कुठे कडक असं ठरवता येतं, आणि जाळी पाणी धरून ठेवत नाही. आपल्यासाठी दुसरा फायदा मोठा. आजच्या सॅकमध्ये खांद्याच्या पट्ट्यांतला उघड्या छिद्रांचा फोम आणि त्यावरची जाड जाळी भरपूर पाणी धरतात. हे तपासणं सोपं आहे. रिकामी सॅक सामान मोजायच्या हुकाच्या काट्यावर मोजा, नळाखाली पूर्ण भिजवा, दहा मिनिटं टांगून निथळू द्या, पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे पावसात पाठीवर फुकट वाहायचं पाणी. हा आकडा जाहिरातीतल्या कोरड्या वजनाशेजारी छापला गेला, तर सॅकच्या रचनेत लवकर सुधारणा होतील.

शिकारीच्या सॅकमधलं घेण्यासारखं

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद आहे, आणि कधी काळी संस्थानिकांचं शिकारीचं राखीव जंगल असलेलं दाजीपूर आता गव्यांसाठीच्या राधानगरी अभयारण्याचा भाग आहे. परदेशात शिकारीसाठी बनणाऱ्या सॅकमधल्या दोन गोष्टी मात्र इथेही उपयोगी आहेत. पहिली, सांगाडा आणि पिशवी वेगळ्या करून मधल्या जागेत जड वस्तू आवळून बांधायची सोय. भार पाठीच्या अगदी जवळ राहतो. बचाव पथकाचा दोर, पाण्याचा कॅन, वनकर्मचाऱ्यांचे कॅमेरे यांसाठी याहून चांगली रचना नाही. दुसरी, आवाज न करणारं कापड. थरांचं कापड प्रत्येक हालचालीला करकरतं. पक्षी पाहणाऱ्याला आणि प्राणिगणनेच्या मचाणावर बसणाऱ्याला ते चालत नाही. लव काढलेलं मऊ पॉलिस्टर शांत असतं, पण ती लव पाणी धरते. शांत आणि तरीही न भिजणारं कापड अजून नीट जमलेलं नाही.

झाकणावर सौर पट्टी, आत दिवे, पट्ट्यात सेन्सर, अशा सॅकही येत आहेत. १०,००० मिलीअँपिअर-तासाची पॉवर बँक सुमारे २०० ग्रॅमची असते. ढगाखाली आणि झाडीत, पाठीवर हलणारी पट्टी तिच्याशी स्पर्धा करू शकत नाही. पैसे दुसरीकडे खर्च करावेत.

जोड, चेन आणि दुरुस्ती

शिलाईऐवजी उष्णतेने सांधे जोडलेल्या सॅकमध्ये सुईची भोकं नसतात, त्यामुळे त्या खरोखर जलरोधक होतात. सांधा सुटला तर मात्र इथे तो कोणी जोडून देत नाही. हीच गोष्ट पाणी अडवणाऱ्या चेनची. तिच्यावरची फिल्म दुमडून दुमडून तडकते आणि रनर ओढायला जड जातो. गुंडाळून बंद होणारं तोंड त्यापेक्षा साधं आणि भरवशाचं.

साध्या चेनमध्ये दाते क्वचित बिघडतात, रनर झिजतो. चिखलाची बारीक वाळू रनरच्या आतली बाजू घासते, फट रुंदावते आणि चेन मागून उघडते. पकडीने रनरच्या दोन्ही बाजू अगदी हलक्या दाबल्या की काही दिवस चालते. पुढे रनर बदलावा. तो चेनच्या मापाचाच हवा, आणि मोठ्या चेनसाठी माप बहुधा ८ किंवा १० असतं. रनरच्या पाठीवर आकडा कोरलेला असतो.

पट्टा सॅकपासून सुटला तर साध्या शिंप्याकडे जाऊ नये. त्याच्या मशीनला इतके थर झेपत नाहीत आणि सुती दोरा ओलीत कुजतो. गाड्यांची सीट शिवणारे कुशनवाले किंवा चामड्याचं काम करणारे कारागीर यांच्याकडे जड मशीन असतं. त्यांना नेमकं सांगावं: बाँडेड पॉलिस्टर दोरा, १८ नंबरची सुई, ३ ते साडेतीन मिलिमीटरचा टाका. टाका त्याहून बारीक घातला तर भोकं जवळ येऊन कापड तिकिटासारखं फाटतं. पट्ट्याचं टोक आत किमान ४ सेंटिमीटर घ्यावं, चौकोन शिवून त्यात फुली मारावी, आणि मागच्या बाजूला त्याच जाडीच्या कापडाचा तुकडा लावावा. शिवून झाल्यावर आतल्या बाजूने शिवणीवर सीलंटचा पातळ हात फिरवावा. पॉलियुरेथेनच्या लेपावर पॉलियुरेथेनचं सीलंट, सिलिकॉनच्या लेपावर सिलिकॉनचं. उलटं केलं तर आठवड्यात सालपट निघतं. सीलंट पूर्ण सुकायला एक रात्र द्यावी आणि तोवर सॅक घडी घालू नये.